ताट वाढवलं

आमच्या खानावळीत आज भाजी कोणती, हे कुणी विचारत नसे. ते जाहीर होत असे. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, स्टीलचा रिकामा पेला तोंडाशी धरत आणि म्हणत, "लक्ष द्या. मेथीची भाजी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. वांग्याच्या भाजीस विलंब आहे, कारण वांगी बाजारातून उशिरा निघाली. घाई असणाऱ्यांनी मेथीत बसून घ्यावे." फलाट क्रमांक एक म्हणजे खिडकीजवळची सतरंजी, दोन म्हणजे भिंतीलगतची. पेला हातात असेपर्यंत काका असं पुस्तकी मराठी बोलत. पेला खाली ठेवला की वऱ्हाडी सुरू होई. "अबे, पाय आवर. माह्या पोळ्याच्या टोपल्यात घालतं काय?"

काका वाशीमच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. सारी नोकरी त्यांनी माईकसमोर काढली. निवृत्त झाल्यावर काकूंच्या हाताची चव आणि घराची पुढची खोली एवढ्यावर खानावळ सुरू केली, आणि स्टँडवरून तीन गोष्टी सोबत आणल्या: शिट्टी, आवाज आणि एक ठाम मत. ते मत असं, की रद्द म्हणजे अर्धं वाक्य.

"गाडी रद्द, एवढं सांगून माईक बंद करनारा मानूस मले मानूसच वाटत नाई," ते म्हणत. स्टँडवर ते गाडी का येत नाही ते सांगत, टायर कुठे बसलं ते सांगत, मंगरूळपीरला जायचं असेल तर दुसरं काय पकडावं ते सांगत, म्हातारी माणसं असतील तर तोवर कुठे टेकावं तेही सांगत. काकू आतून म्हणायच्या की ह्यांचं सांगून होईपर्यंत दुसरी गाडीही सुटून जाई. काका हे नाकारत नसत. "सुटली तं सुटली. पन कोनी म्हनलं नाई का मले कोनी सांगतलं नाई."

काकांबद्दल लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. पण मी शेवटचं वर्ष पास झालो ते त्यांच्यामुळे की ते असूनही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहिता लिहिता ठरेल, असं वाटलं.

माझं गाव मंगरूळपीरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आमच्याकडे बोलणंही कमी. बाबा मान हलवतात, आई समजून घेते. मी वाशीमला बी.सी.ए.ला आलो तेव्हा तीच सवय घेऊन आलो. कॉलेजात मान हलवून चालत होतं, पण तोंडी परीक्षेत चालत नाही. पाचव्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी उत्तरं येत असून नुसता उभा राहिलो आणि तो विषय राहिला. शेवटच्या सत्रात तो कसाबसा सुटला, पण आता प्रोजेक्टची तोंडी होती. पुण्याच्या एका कंपनीनं मला घेतलं होतं, पास होण्याच्या अटीवर. ही तोंडी गेली की वर्ष गेलं आणि पुणंही गेलं. बाबांनी गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त पुण्याला थंडी कशी असते, हे फोनवर दोनदा विचारलं होतं.

प्रोजेक्टसाठी मी काकांच्या खानावळीचं ॲप घेतलं. म्हणजे माझ्या खोलीतल्या मित्रानं ते परस्पर प्रोजेक्टच्या मॅडमना सांगितलं आणि मी मान हलवली. काम सोपं होतं. प्रत्येक मुलाचं दोन्ही वेळचं ताट धरलेलं. ज्याला यायचं नाही त्यानं ॲपमध्ये आपलं ताट काढायचं. मोबाईल सर्व्हरला सांगणार, 'ही नोंद काढ', सर्व्हर काढणार, आणि उत्तर म्हणून एक आकडा परत पाठवणार. स्वयंपाकघरात एक जुना मोबाईल खुंटीला टांगला होता, त्यावर तेच उत्तर काकूंना दिसणार. काकूंची मोजायची आपली पद्धत होती. एका वाटीत जितकी ताटं तितके हरभरे. ताट रद्द झालं की एक हरभरा बाहेर, कुणी पाहुणा वाढला की एक आत.

पहिल्या दिवशी काकांनी स्वतः चालवून पाहिलं. बटन दाबलं. पडद्यावर काहीच नाही.

"झालं का?"

"झालं, काका."

"तुले कसं समजलं?"

मी सांगितलं की सर्व्हरनं दोनशे चार पाठवला. नोंद काढल्यावर सहसा तोच पाठवतात. त्याचा अर्थ, काम झालं, सांगण्यासारखं काही नाही.

काकांनी चष्मा काढला. "पोरगं जेवाले येत नाई म्हनते, अन् सांगन्यासारखं काई नाई?"

दुसऱ्या दिवशी मी 'यशस्वीरीत्या काढले' असं उत्तर घालून आणलं. काकांनी ते दोनदा वाचलं. "कायचं यश बे? पोरगं उपाशी राह्यलं अन् तू टाळ्या वाजवून राह्यला."

इकडे मॅडम म्हणाल्या, दोनशे चारच ठेव, जगभर तीच रीत आहे, बाहेरून येणारे परीक्षक नेमकं तेच विचारतील. मी मॅडमना मान हलवली. संध्याकाळी काका म्हणाले, उत्तरात कारण विचारलं पाहिजे आणि पुढचं काही सांगितलं पाहिजे. मी काकांनाही मान हलवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुही मान नेमकी कोनाच्या बाजूनं हालते?"

मी त्यांना अडचण सांगितली. दोनशे चार आला की पुढे मजकूर जोडताच येत नाही. जोडला तरी कुणी वाचत नाही.

"मंग आकडा बदल. दुसरा आकडा नाई काय तुमच्यात?"

"आहे. दोनशे."

"मंग दोनशेच ठेव. चार कमी झाले तं काय बिघडते?"

मी दोनशे ठेवला. काकांचं मत रोज बदले आणि मला रोज कोड बदलावा लागे, म्हणून शेवटी त्यांना एक पानच करून दिलं. त्यात कुठल्या कारणाला काय उत्तर जायचं ते त्यांनी स्वतः लिहायचं. वर्ष संपल्यावर मुलानं आपलं नाव खानावळीतून काढलं तर त्याचंही एक उत्तर त्यात होतं, पण त्याची वेळ अजून आली नव्हती. काका बोटानं एकेक अक्षर दाबत बसत. लिहिताना भाषा वऱ्हाडी असे, कारण, ते म्हणाले, मोबाईलमध्ये पेला नाही.

मग आमच्या मुलांना उत्तरं यायला लागली. घरी चाललो असं लिहिलं की, 'मायले नमस्कार सांगजो. आल्यावर तुही जागा खिडकीपाशीच आहे.' मित्राचा वाढदिवस लिहिलं की, 'केक हे जेवन नव्हे.' अभ्यास आहे लिहिलं की, 'अभ्यास बी पोटावरच होते.' एकानं वैतागून कारणाच्या जागी नुसतं टिंब दिलं. त्याला उत्तर आलं, 'टिंब भेटलं. आता त्याच्या आधीचं वाक्य लिही.' भूक नाही या कारणावर तर काकांचा विश्वासच नव्हता. 'भूक नाई हे कारन नाई. खरं सांग.' मुलं चिडायची आणि उत्तरं एकमेकांना दाखवत फिरायची. काही जण उत्तर वाचायला म्हणून ताट काढत आणि मग जेवायला येऊन बसत.

एवढ्यावर भागलं असतं. पण काकांना 'रद्द' हा शब्दच खुपायला लागला. गाडीला रद्द म्हणावं, अन्नाला म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात तांदूळ संपत नसत, तांदूळ वाढत. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, सगळं वाढवतात. मग ताट काय म्हणून रद्द करायचं? त्यांनी त्या पानावर सगळ्या उत्तरांच्या आधी स्वतःच लिहून टाकलं: 'ताट वाढवलं.' मला ते वाचून कसंसंच झालं. पण मान हलवली.

रामनवमी जवळ आली. आदल्या दिवशी मुलं घरी निघाली, काही पोहरादेवीच्या यात्रेला निघाली. एकामागून एक ताटं काढली जात होती. मी दुपारी खानावळीत गेलो तेव्हा काकू घामाघूम होऊन भाताचं दुसरं पातेलं उतरवत होत्या. हरभऱ्यांची वाटी भरून ओसंडत होती. तेवढ्यात काका बाजारातून आले.

"अवं, हे काय?"

"मले काय विचारता? तुमचीच पोरं सकाळपासून ताटं वाढवून राह्यली. मले वाटलं, पोहरादेवीले जानारे पाहुने संग घेऊन येऊन राह्यले."

"अवं, वाढवलं म्हंजे दुकान वाढवलं तसं वाढवलं."

"बरं," काकू म्हणाल्या. "मंग हा भात बी दुकानावानी वाढवून दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. समोर दोन पातेली भात, एक वरण, एक वांग्याची भाजी, आणि सतरंजीवर आम्ही तिघं.

काकांनी ऑटो बोलावला. पातेली आणि पत्रावळी घेऊन आम्ही स्टँडवर गेलो. तिथे यात्रेची गर्दी होती. आता तिथे असलेला कंट्रोलर काकांच्याच हाताखाली शिकलेला. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठला. इतक्या दिवसांनी खरा माईक. काकांनी घसा साफ केला.

"लक्ष द्या. पोहरादेवीकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी वरण, भात आणि वांग्याची भाजी कडुनिंबाखाली लागलेली आहे. गाडीस अवकाश आहे. लहान मुले व वृद्ध यांनी प्रथम बसून घ्यावे. जेवण कशानिमित्त, असा प्रश्न प्रवाशांना पडेल. कारण, मजकुरात दोष झाला आहे."

लोक आले. मी वाढत होतो. एक म्हातारी पत्रावळ पुढे करून काकांना म्हणाली, "कोनाचा नवस हाये, बापा?"

"नवस नाई, मावशे. सॉफ्टवेअर आहे."

तिनं भक्तिभावानं हात कपाळाला लावला आणि भात घेतला.

तिसऱ्या दिवशी 'वाढवलं' गेलं आणि 'ताट ठेवलं नाही' असं साधं वाक्य आलं. काका नाराज होते, पण काकूंपुढे त्यांचं चाललं नाही. काकूंनी अजून एक अट घातली. एकदा भात टाकला की मग कुणाचं ताट हलायचं नाही. त्यासाठी मी एक बटन केलं, 'भात पडला'. ते दाबलं की त्या वेळचं ताट काढायला सर्व्हर नकार देणार आणि काकांनी लिहिलेलं उत्तर पाठवणार. या नकाराचा आकडा वेगळा, चारशे नऊ. तुमचं म्हणणं समजलं, पण आत्ताच्या परिस्थितीशी ते जुळत नाही, असा त्याचा अर्थ. काकांना हा आकडा फार आवडला. "हा समजदार दिसते," म्हणाले.

तोंडीचा दिवस आला. मी भात पडायच्या आधीच माझं सकाळचं ताट काढलं. कारण लिहिलं, भूक नाही. मीच बनवलेल्या ॲपनं मला विचारलं, 'भूक नाई हे कारन नाई. खरं सांग.' मी मोबाईल खिशात टाकला आणि कॉलेजला गेलो.

परीक्षक बाहेरगावचे होते. शांत, पण घाईत. माझं नाव विचारलं, ते मी सांगितलं. प्रोजेक्टबद्दल बोला, म्हणाले. मी मान हलवली. भिंतीवर प्रोजेक्टरनं माझ्या ॲपचं पहिलं पान दिसत होतं, दारात पुढच्या नंबरची मुलं उभी होती. मॅडमनी वहीत खाली पाहिलं. मागच्या वेळीही त्यांनी असंच पाहिलं होतं.

"बरं, बोलू नका," परीक्षक म्हणाले. "चालवून दाखवा. एखादी नोंद काढा."

माझंच खातं उघडलं होतं. मी माझ्या संध्याकाळच्या ताटावर बोट ठेवलं आणि 'काढा' दाबलं. भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत उत्तर आलं:

'भात पडला आहे. हे ताट हालत नाई. पोरगा सकाळपासून उपाशी आहे. परीक्षा झाली का लवकर सोडा. जेवन झाकून ठेवलं आहे.'

दारातली मुलं हसली. परीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं, मग माझ्याकडे वळले. "हे काय आहे? दोनशे चार कुठे गेला?"

मान हलवावी असं मला वाटलं. पण हो म्हणून हलवावी की नाही म्हणून, ते कळेना. भिंतीवर ते वाक्य तसंच होतं. काकांनी त्यांचं सगळं सांगून टाकलं होतं आणि पुढचं कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या खोलीत ते फक्त मलाच माहीत होतं.

"सर," मी म्हणालो, "चारशे नऊ आहे."

"नकारच द्यायचा तर चारशे तीन का नाही?"

"सर, चारशे तीन म्हणजे तुम्हाला अधिकार नाही. मला अधिकार आहे, सर. पण भात शिजला आहे."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळचा भात? सकाळी?"

"नाही सर. मी सकाळी जेवलो नाही, म्हणून काकांनी संध्याकाळचं बटन आत्ताच दाबलं आणि हे लिहून ठेवलं."

"म्हणजे दोष आहे तर."

"सॉफ्टवेअरमध्ये नाही, सर. काकांमध्ये आहे."

यावर मॅडमही हसल्या. आणि मग मला काय झालं माहीत नाही, मी बोलत सुटलो. दोनशे चारला मजकूर का जोडता येत नाही ते सांगितलं, काकू हरभरे कसे मोजतात ते सांगितलं, स्टँड सांगितलं, टायर सांगितलं, म्हातारीचा नवस सांगितला. नोंद काढणाऱ्याला काय सांगायचं हे आपण ठरवू शकतो, आणि काही न सांगणं हेही आपणच ठरवलेलं असतं, असंही काहीतरी म्हणालो. मॅडमना शेवटी "पुरे" म्हणावं लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी पुरे म्हणालं.

परीक्षक म्हणाले, "जा, आधी जेवून ये."

मी खानावळीत गेलो तेव्हा ताट खरंच झाकलेलं होतं. मी सगळं सांगितलं. काकांना चारशे नऊचं काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मजकूर त्यानं मोठ्यानं वाचला काय?"

"वाचला."

"पुरा?"

"पुरा."

"मंग ठीक आहे," म्हणाले, आणि शिट्टी वाजवून माझं वरण मागवलं.

निकाल लागला. मी पास झालो. पुण्याला निघायच्या दिवशी स्टँडवर जाता जाता पिशवी घेऊन काकांना भेटायला गेलो. खानावळीला सुट्टीची मरगळ होती. काकांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, नाव काढून जा. ज्यानं गाडी आणली त्यानंच ती डेपोत लावावी. मला ते नको होतं. पण मी मोबाईल काढला, माझं खातं उघडलं आणि 'नाव काढा' दाबलं. काका चष्मा लावून माझ्या पडद्याकडे वाकून बघत होते.

आत स्वयंपाकघरात, वाटीत एक हरभरा टण्णकन पडला.

"अहो, कोन आलं?" काकूंचा आवाज आला. "एक ताट वाढवलं म्हनते."

मी पडद्यावर पाहिलं. तेच होतं. ताट वाढवलं. रामनवमीनंतर सगळीकडचा शब्द आम्ही बदलला होता, हे एक उत्तर तेवढं राहून गेलं होतं, कारण ते कधी कुणाला गेलंच नव्हतं. मी म्हणालो की काका, ही चूक राहिली, आत्ता दुरुस्त करतो. आत तव्यावर पोळी पडल्याचा आवाज झाला.

काकांनी मोबाईल माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवला. मग पेला उचलला आणि उभे राहिले. खोलीत ते आणि मी, दोघंच.

"लक्ष द्या. पुण्याकडे जाणारी गाडी सुटण्यास अवकाश आहे. प्रवाशाने पिशवी दाराशी ठेवून फलाट क्रमांक एकवर बसून घ्यावे. कारण..."

पेला तोंडाशी तसाच राहिला. मी वाट पाहिली. काकांचं अर्धं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी पिशवी दाराशी ठेवली आणि हात धुवायला गेलो.